मदत हवी आहे: जीएम (म्हणजे जीन बदललेलं) खाणं माळकऱ्याला चालतं का?

नमस्कार मंडळी, मी जळगावची. आमच्या सासूबाई माळकरी, आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलं की आता वांग्या-टमाट्यात माशाचा जीन घालतात. झालं, ऐन भरिताच्या सीझनला घरात वांगं बंद! बामणोदची हिरवी वांगी दारावर येऊन परत जाताहेत अन मी नुसती बघतेय.

मी शोधलं तर माशाच्या जीनचं टमाटं प्रयोगापुरतंच होतं, बाजारात कधी आलंच नाही. बीटी वांग्यातला (अळी लागू नये म्हणून जीन घातलेल्या वांग्यातला) जीन मातीतल्या जीवाणूचा, आणि आपल्याकडे त्यालाही फेब्रुवारी 2010 पासून स्थगिती आहे. हे सांगितलं तर म्हणतात मग तुमच्या कपाशीचं काय? आता कापूस 2002 पासून बीटी, त्याच सरकीचं तेल फरसाणात जातं, पण रिफाइंड तेलात जीन-प्रोटीन जवळपास उरतच नाही म्हणे, हे त्यांना पटेल असं कसं सांगू?

खरी पंचाईत चीजची. दूध फाडायचं एन्झाइम आधी वासराच्या पोटातून काढायचे, आता वासराचा जीन बुरशीत किंवा यीस्टमध्ये टाकून बनवतात, वासरू मारावं लागत नाही. मला तर हे बरंच वाटतं, पण सासूबाईंना मूळ जीन वासराचा हेच खुपतं. पोरांना पिझ्झा पाहिजेच.

तुमच्यात कुणी जैन, माळकरी असतील तर घरी काय ठरवलंय? पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर भागवता का? नुसतं लिंबू-व्हिनेगरने फाडलेलं चीज कुठे मिळतं, की पनीरच टाकू पिझ्झ्यावर?