मदत हवी आहे: सिम्युलेशनमधला चंद्र लांब जायचा सोडून ग्रहाकडे सरकतोय

वक्री_बुध: भरती-ओहोटीच्या बलामुळे चंद्राची कक्षा कशी बदलत जाते त्याचं सिम्युलेशन पायथॉनमध्ये लिहिलंय. आपला चंद्र दरवर्षी ३.८ सेंमी लांब जातो, माझा आत आत येतोय. कुठेतरी प्लस-मायनसचा घोळ आहे, तो कुठे असू शकतो तेवढंच सांगा. उद्या सबमिट करायचंय, थिअरी नको प्लीज.

धूमकेतू: कोड कुठंय? ग्रह कुठला, चंद्र किती अंतरावर, ग्रह स्वतःभोवती किती वेळात फिरतो? काहीच न देता चिन्ह कसं सांगणार?

वक्री_बुध: ग्रह काल्पनिक, वस्तुमान पृथ्वीएवढं, चंद्र केंद्रापासून ४० हजार किमीवर. बाकी सगळं नॉर्मल.

अंकगणिती: कक्षा टप्प्याटप्प्याने मोजायला रुंगे-कुट्टा पद्धत वापरतोयस ना? स्टेप, म्हणजे वेळेचा टप्पा, मोठी असेल तर त्यात ऊर्जा हळूहळू गळते आणि कक्षा आक्रसते. लीपफ्रॉग वापर, त्या पद्धतीत ऊर्जा अशी गळत नाही, मी कायम तेच वापरतो.

वक्री_बुध: भरतीची टर्म शून्य केली की त्याच स्टेपला कक्षा जागची हलत नाही. ते नाहीये.

अंकगणिती: तरी बदलून बघ.

चांदोबा_फॅन: चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते तीसुद्धा भरतीच्या बलामुळेच बरं का, त्याचं स्वतःभोवती फिरणं मंदावत मंदावत परिभ्रमणाशी जुळलं.

धूमकेतू: ते त्याने विचारलेलं नाही. बुध, परिवलनाचा काळ सांग.

वक्री_बुध: ३० तास. त्याने काय फरक पडतो?

खगोलवेडी: अरे सगळा फरक त्यानेच पडतो! ४० हजार किमीवर तुझा चंद्र साधारण २२ तासांत फेरी मारतो, म्हणजे ग्रहाच्या फिरण्यापेक्षा जलद, त्यामुळे ग्रहावरचा भरतीचा फुगवटा चंद्राच्या मागे पडतो आणि त्याला मागे ओढतो, तो ऊर्जा गमावून आत येतो. पृथ्वी आपल्या चंद्रापेक्षा कितीतरी जलद फिरते, फुगवटा पुढे जातो, म्हणून तो बाहेर चाललाय. तुझं चिन्ह बरोबर आहे. मंगळाचा फोबोस बघ, ७ तास ३९ मिनिटांत फेरी, मंगळाचं परिवलन २४ तास ३७ मिनिटं, आणि फोबोस १०० वर्षांत साधारण १.८ मीटर जवळ येतोय.

अंकगणिती: पण फुगवट्याने पुढे खेचलं तर चंद्राचा वेग वाढेल, मग तो लांब कसा जाईल?

खगोलवेडी: ऊर्जा मिळाली की कक्षा मोठी होते आणि मोठ्या कक्षेत वेग कमीच असतो. कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) पृथ्वीच्या फिरण्यातून येतो, म्हणून तर दिवस लांबतोय.

धूमकेतू: आणि चंद्र ग्रहाच्या परिवलनाच्या उलट्या दिशेने फिरत असेल तर कितीही लांब ठेवला तरी आतच येणार. नेपच्यूनचा ट्रायटन तसाच आहे.

वक्री_बुध: ६० हजारांवर ठेवून रन केलं, बाहेर जातोय!! पण आता आलेखात जवळजवळ सरळ रेघ दिसते, काही हलतच नाही.

खगोलवेडी: अंतर वाढलं की हा वेग अंतराच्या साडेपाचव्या घाताने घटतो. ४० वरून ६० हजारांवर गेलास, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून नऊ पटींहून मंद. काळ वाढव आणि लॉग स्केल घे.

अंकगणिती: आणि लीपफ्रॉग.