हात प्लॅस्टरमध्ये असताना दिसत होतं, ते आता का दिसत नाही?

चरईकर:

बरेच दिवस हे लिहू की नको, असं चाललं होतं. आज लिहितेच.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या बिल्डिंगच्या ओल्या जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. रजा दोनच आठवडे मिळाली. उरलेले चार आठवडे गळ्यात पट्टा अडकवून चरई ते ठाणे स्टेशन चालत आणि पुढे ट्रान्स हार्बर लोकलने कोपरखैरणे, असा रोजचा प्रवास केला. मी त्या लाइनीला 2004 मध्ये ती सुरू झाल्यापासून जाते. डबा, बायका, कुठे उभं राहिलं की दार बरोबर समोर येतं, सगळं पाठ आहे. तरी त्या चार आठवड्यांत जे दिसलं ते एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं.

सगळ्यात आधी वेणीचं सांगते. एका हाताने वेणी येत नाही. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याने बिचाऱ्याने प्रयत्न केला, पण शेवटी मी चाप अडकवून निघायचे आणि गाडीच्या वाऱ्याने स्टेशन सुटेपर्यंत तो निसटलेला असायचा. पहिल्या की दुसऱ्या दिवशी मागून आवाज आला, "काय हो ताई हे, घोड्याच्या शेपटीसारखं! वळा इकडे." मी वळेपर्यंत चाप तिच्या दातांत आणि माझे केस तिच्या हातात. ठाणं सोडल्यापासून रबाळं येईपर्यंत वेणी घालून झाली, वर "तेल लावत जा जरा" हेही ऐकून घेतलं. ती रबाळ्याला उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नंतर मी विचारायचे नाही आणि तीही विचारायची नाही, पाठ करून बसायचं आणि बस्स.

संध्याकाळी एकदा उकडलेल्या शेंगांची पुडी घेतली. घेताना लक्षातच आलं नाही की सोलणार कशी. एक शेंग दातांनी फोडली, पाणी अंगावर उडालं. शेजारी कॉलेजची मुलगी कानात हेडफोन घालून मोबाइल बघत बसली होती. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला, पुडी माझ्या मांडीवरून उचलली आणि दाणे काढून माझ्या डाव्या तळहातावर ठेवत गेली. घणसोलीपासून ऐरोलीपर्यंत. एक शब्द बोलली नाही. मी "तू पण घे" म्हटल्यावर तीन दाणे घेतले.

आणि टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या बसचा तो कंडक्टर! पाऊस असला की मी दोन स्टॉपांसाठीही बस घ्यायचे. पहिल्याच दिवशी तो माझ्यावर खेकसला, "मावशी, एका हाताने दांडा धरून काय सर्कस करताय, बसा आधी!" मला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं की मी बसेपर्यंत त्याने घंटी दिलीच नव्हती. सगळी बस थांबली होती, मागची वाहनं हॉर्न मारत होती आणि तो माझ्याकडे रागाने बघत उभा होता.

तेव्हापासून मला वाटायला लागलं की आपल्याकडे चांगुलपणा बहुतेक वेळा खेकसूनच येतो. गाडीवरून जाताना मागचा अनोळखी माणूस जिवाच्या आकांताने ओरडतो, "स्टँड! स्टँड!" किंवा "ताई, ओढणी!" आपण दचकतो, ओढणी आवरतो आणि तोवर तो पुढे गेलेला असतो. त्याचा चेहराही आपण पाहत नाही. एखाद्याचा जीव वाचवून माणूस सिग्नलला डावीकडे वळून निघून जातो. गोड बोलणं असलं तरच ते चांगलं, अशी माझी समजूत होती, म्हणून इतकी वर्षं हे सगळं माझ्या कानांवरून गेलं असावं.

आता अडचण सांगते. प्लॅस्टर निघालं आणि हे दिसणं कमी झालं. हळूहळू गर्दी पुन्हा गर्दी झाली, बायका म्हणजे पुन्हा माझ्या सीटवर बसलेल्या बायका. मला त्याची भीती वाटली, खरंच. म्हणून रोज हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर एक ओळ लिहायला लागले. "पुलावर एका माणसाने पाटी उतरवायला हात लावला." "जांभळी नाक्यावर भाजीवालीने कढीपत्ता दुसऱ्याच्या पिशवीतून काढून मला दिला, आणि त्याला विचारून दिला." काही दिवस पान कोरंच राहतं. त्या दिवशी काही घडलंच नाही की मी बघितलं नाही, हे कळत नाही.

दुसरं म्हणजे, प्लॅस्टर निघाल्यावर मी स्वतः वेणी घालून गेले. ती हसली, "झाला बरा?" एवढंच म्हणाली. मी "हो" म्हटलं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ती दिसायची बंद झाली. मी तिला नाव विचारलं नाही. नीट आभारही मानले नाहीत, रोजच भेटते तर मानू कधीतरी, असं वाटत राहिलं.

तर विचारायचं हे की तुम्हाला असं काही दिसतं का, आणि दिसत राहावं म्हणून तुम्ही काही करता का? आणि माणूस निघून गेल्यावर आभारांचं काय करायचं?

तलावपाळी_सकाळ:

तुमचा कंडक्टर वाचून आमच्या चहावाल्याची आठवण झाली. माझ्या वडिलांना विसरायचा आजार आहे. ते रोज सकाळी कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन तलावपाळीला एक फेरी मारतात. रस्ता अजून पायांना माहीत आहे म्हणून आम्ही जाऊ देतो, मी थोडं अंतर ठेवून मागे असतो. कोपऱ्यावर ते चहा घेतात, पैसे देतात, दहा पावलं पुढे जातात आणि परत येऊन चहा मागतात. दुसरा चहा अर्धा येतो. तिसऱ्या वेळी बिनसाखरेचा दोन घोट. बाबांना ग्लास हातात आला की समाधान. पैसे मात्र ते दर वेळी देतात. चहावाला घेतो, कारण नाही घेतले तर बाबा चिडतात. ते जास्तीचे पैसे तो एका डब्यात टाकतो आणि रविवारी मला मोजून देतो.

मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं की बाबांना काय झालं आहे. त्याचं त्यानेच ओळखलं. आणि हो, तोही ओरडतोच. "काका, चपला उलट्या घातल्यात, पडाल!" मग गिऱ्हाईक सोडून खाली बसून चपला बदलतो.

आभाराचं म्हणाल तर मी एकदा दिवाळीला मिठाईचा बॉक्स नेला. त्याने घेतला आणि त्यातला पहिला पेढा बाबांना दिला.

घणसोलीकर:

मी थोडं वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

2005 च्या 26 जुलैला मी कुर्ल्याहून ठाण्यापर्यंत एलबीएस रोडने चालत आलो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर वाचलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की पाणी कमरेच्या वर आहे आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. विक्रोळीच्या अलीकडे चार-पाच पोरं एका उघड्या मॅनहोलभोवती हात धरून उभी होती. "इकडून नको, तिकडून! ए काका, तिकडून!" मी दोन शिव्याही खाल्ल्या, कारण ऐकत नव्हतो. भांडुपला कुणीतरी हातात बिस्किटांचा पुडा कोंबला. त्या पोरांनी मला वाचवलं, यात शंका नाही. ती कितीतरी तास तशीच उभी असणार.

पण झाकण असतं, तर त्यांना उभं राहावं लागलं असतं का? आजही पावसाळ्यात रस्त्यातल्या उघड्या चेंबरमध्ये झाडाची फांदी खोचलेली दिसते, वर लाल फडकं. फांदी बघून आधी मला संताप येतो, मग फांदी लावणाऱ्याबद्दल बरं वाटतं. दोन्ही एकदम. माणुसकीचं कौतुक करताना तो संताप विझायला नको, एवढंच.

चरईकर:

रागावत नाही. उलट फांदीचं मी लिहायला हवं होतं, रोज बघते. वहीत यापुढे दोन्ही लिहीन: फांदी कुणीतरी लावली, आणि झाकण किती दिवस नव्हतं तेही.

रबाळे_पहिली_पाळी:

ताई, मी रबाळ्याला एका पॅकिंगच्या कंपनीत आहे. तुमची ती बाई मी नाही, आधीच सांगते. पण मीही गाडीत वेण्या घालते.

माझी मुलगी गावाला आजीजवळ असते, साताऱ्याकडे. सात वर्षांची आहे. सहा महिन्यांतून एकदा तिचे केस माझ्या हातात येतात. गाडीत कुणाचे केस सुटलेले दिसले की माझे हात गप्प बसत नाहीत. समोरची म्हणते, किती करता हो तुम्ही. मला वाटतं, अगं, तू बसलीस हेच खूप झालं. तुम्ही पाठ करून बसत होतात ना? मग तिला आणखी काही द्यायचं राहिलं असेल, असं मला वाटत नाही. सगळ्यांचं माझ्यासारखं नसेल, पण मला तरी असं वाटतं.

दुसरं असं की आमच्याकडे पाळ्या बदलतात. कंत्राट संपलं की दुसऱ्या कंपनीत जावं लागतं, पण बहुतेकजणी त्याच पट्ट्यात असतात, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत. जनरल पाळीवरून पहिल्या पाळीला टाकलं असेल तर ती आता सकाळी सहाच्या सुमाराच्या गाडीला असेल. बायकांच्या मधल्या डब्यात बघा. तुम्ही आठच्या पुढची गाडी धरत असाल, तर ती कशी दिसणार?

चरईकर:

तुमचं उत्तर वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मुलीचं नाव काय हो? सांगायचं नसेल तर राहू दे.

पाळी बदलते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती गेली म्हणजे गेलीच, असं मी धरून चालले होते. परवा आणि काल, दोन्ही दिवस पहाटे उठून सहाची गाडी धरली. त्या गाडीत सगळ्याजणी एकमेकींना ओळखतात. कुणी मेथी निवडत होतं, कुणी भिंतीला डोकं टेकून झोपलं होतं. मी उभी राहून चेहरे बघत होते, तर एकीने विचारलंच, "कुणाला शोधताय?" नाव माहीत नाही, म्हणून मी सांगितलं, "रबाळ्याला उतरतात, वेणी घालतात." त्यावर तिथल्या तिघींनी तीन वेगवेगळी नावं घेतली. मग त्यांच्यातच सुरू झालं, ती नव्हे, ती तर ऐरोलीला गेली, अगं तिची तर रात्रपाळी.

ती काही भेटली नाही. एकीला निरोप देऊन ठेवलाय, "प्लॅस्टरवाली शोधत होती म्हणावं." ती म्हणाली, "एवढ्यासाठी पहाटेचं उठून आलात? उद्या यायचं तर निदान स्वेटर घालून या, थंडी पडलीय." आणि खिडकीची काच खाली ओढली.

उद्या सुट्टी आहे. सोमवारी परत जाते.