सिअर्सचं नेमकं काय झालं? (आणि हातात आलेला एक जुना क्राफ्ट्समन रॅचेट)

नवखी_सुतारीण
मंडळी, आधीच सांगते, मला हत्यारांतलं काहीही कळत नाही, घरात टीव्ही भिंतीवर लावायचा तर ड्रिल शेजाऱ्याकडून आणणाऱ्यांतले आम्ही. तर झालं असं की आमचे शेजारी (वय ८४, ओहायोतच जन्म, आयुष्य ट्रक दुरुस्त करण्यात गेलं) घर विकून मुलीकडे राहायला निघालेत, आणि जाताना त्यांनी मला बोलावून एक लाल पत्र्याची पेटी दिली. आत पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, आणि सॉकेटचा सेट. सगळ्यावर क्राफ्ट्समन असं नाव, म्हणजे सिअर्स या इथल्या जुन्या दुकानसाखळीचा हत्यारांचा ब्रँड. त्यातला रॅचेट (सॉकेट लावून नट फिरवायचा दांडा) मला फार आवडला, डोक्याच्या मागे एक बटण आहे ते अंगठ्याने दाबलं की सॉकेट टपकन हातात पडतं, ओढाताण नाही. दांड्यावर व्ही असं अक्षर आहे आणि मेड इन यूएसए.

देताना म्हणाले, "तुटलं तर सिअर्समध्ये परत नेऊन दे, नवीन देतात." आणि मग स्वतःच हसले, "पण आता नेणार कुठे?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. आम्ही २०१९ ला इकडे आलो तेव्हा आमच्या मॉलच्या एका टोकाला सिअर्सची अक्षरं काढल्याच्या खुणा तेवढ्या भिंतीवर होत्या, बाकी पार्किंग रिकामं. नवरा म्हणतो ॲमेझॉनने खाल्लं, विषय संपला. पण मला वाटतं ज्यांनी घरबसल्या मागवायचं दुकान शंभर वर्षांपूर्वी चालवलं त्यांना इंटरनेटवर तेच करता येऊ नये? कुणी जुन्या लोकांनी नीट सांगाल का. आणि दुसरं म्हणजे हा रॅचेट मोडला तर आता कोण बदलून देतं का?

---

शिकागोचा_जुना_माणूस
तुमच्या मिस्टरांना सांगा इतक्या सोप्यात सुटू नका :)

मी १९९१ ला शिकागोला आलो तेव्हा टॉवरला सिअर्स टॉवरच म्हणायचे, आम्ही अजूनही तेच म्हणतो, २००९ ला विलिस नाव दिलं ते पाट्यांवर राहिलं. १९७३ ला बांधून झाला, ११० मजले, तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत, आणि ती एका दुकानदाराची! यावरून काय ते समजा.

सुरुवात मात्र स्टेशनवर. रिचर्ड सिअर्स हा मिनेसोटात नॉर्थ रेडवूड नावाच्या गावी रेल्वेचा एजंट होता, १८८६ ला गावातल्या सराफाने घड्याळांचा एक खोका घ्यायला नकार दिला, याने तो स्वतः घेतला आणि लाइनीवरच्या बाकीच्या स्टेशन एजंटांना घड्याळं विकली. मग घड्याळं दुरुस्त करायला माणूस हवा म्हणून रोबक आला. पुढे ज्युलियस रोझनवाल्ड आला १८९५ ला आणि खरा पसारा त्याने मांडला. तेव्हाची अमेरिका म्हणजे शेतावर राहणारी माणसं, जवळचं दुकान एकच, तो सांगेल तो भाव. त्यात कॅटलॉग घरी आला की भाव छापलेला, सगळ्यांना सारखा. दक्षिणेत काळ्या लोकांना दुकानात शेवटी उभं करायचे, उधारीत अडकवायचे, त्यांना तर पोस्टाने माल मागवणं म्हणजे मान खाली न घालता खरेदी करता येणं होतं. याच रोझनवाल्डने पुढे काळ्या लोकांचे शिक्षणातले पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर दक्षिणेत काळ्या मुलांसाठी जवळजवळ पाच हजार शाळा उभ्या करायला पैसे दिले, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आणि घरं! अख्खी घरं विकायचे कॅटलॉगमधून, १९०८ ते १९४०, सत्तर हजारांच्या वर. रेल्वेच्या डब्यातून लाकूड, खिडक्या, खिळे, रंग सगळं यायचं आणि सोबत पुस्तक, कुठला तुकडा कुठे ते. माझ्या एका ऑफिसमधल्या मित्राचं घर तसलं निघालं. त्याला घेताना माहीत नव्हतं, बेसमेंटमध्ये गळती शोधताना टॉर्च मारला तर जिन्याखालच्या तुळईवर एक अक्षर आणि तीन आकडे ठसठशीत छापलेले. त्याने आम्हाला सगळ्यांना बोलावून गुडघ्यावर बसवून ते दाखवलं, देवदर्शनासारखं.

पहिलं दुकान १९२५ ला शिकागोतच. कारण लोक गाड्या घेऊन शहराकडे यायला लागले होते. म्हणजे बघा, एकदा धंदा मुळापासून बदलला होता त्यांनी, जमलं होतं. म्हणून दुसऱ्यांदा का जमलं नाही हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. ते आपले ताळेबंदवाले सांगतील, त्यांचा आवडता विषय आहे.

---

ताळेबंद
हाक मारलीत म्हणून आलो.

ॲमेझॉनने खाल्लं हे तारखांवरूनच बसत नाही. सिअर्सने मोठा कॅटलॉग बंद केला १९९३ ला. ॲमेझॉनची कंपनी स्थापन झाली १९९४ ला. म्हणजे गोदामं, पत्ते, पार्सलची सवय झालेलं गिऱ्हाईक, आणि स्वतःचं क्रेडिट कार्ड असं सगळं हातात असताना यांनी ते दुकान बंद केलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने रिकाम्या हाताने तेच सुरू केलं. त्याच्याही आधी आयबीएमबरोबर प्रॉडिजी नावाची ऑनलाइन सेवा काढली होती यांनी, ८० च्या दशकात! पण तेव्हा तोट्यात असलेला कॅटलॉग बंद करणं हा कागदावर बरोबर निर्णय होता, उगाच मागाहून शहाणपण नको.

माझ्या मते दुखणं दोन टप्प्यांत आहे आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला टप्पा म्हणजे लक्ष उडालं. १९३१ पासून ऑलस्टेट इन्शुरन्स होताच, तो चांगलाच चालला, त्यावरून १९८१ ला डीन विटर ही ब्रोकर कंपनी आणि कोल्डवेल बँकर ही घरं विकणारी कंपनी घेतली, १९८५ ला डिस्कव्हर कार्ड काढलं. म्हणजे मोजे घ्या, शेअर घ्या आणि घर पण घ्या. तोवर इकडे वॉलमार्टने १९९० च्या आसपास मागे टाकलं, आणि हत्यारं-लाकूड-रंग हा जो सिअर्सचा घरचा प्रांत तिथे होम डेपो येऊन बसलं. ९० च्या दशकात ते सगळे पैशाचे धंदे विकून वा वेगळे काढून टाकले. १९९९ ला डाऊ जोन्समधून, म्हणजे बड्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकातून, सिअर्सला काढलं आणि त्याच दिवशी आत घेतलेल्यांत होम डेपो होतं. यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार.

तरीही, इथवर आजारी होतं, मेलं नव्हतं. दुसरा टप्पा एडी लॅम्पर्टचा. हेज फंडवाला, म्हणजे श्रीमंतांचा पैसा गुंतवणारा, त्याच्याकडे दिवाळखोरीतून बाहेर काढलेलं केमार्ट हे स्वस्त दुकानांचं जाळं होतं, त्याने २००४ च्या नोव्हेंबरात सिअर्स घ्यायचं जाहीर केलं, ११ अब्ज डॉलर, २००५ ला दोन्ही एक झाले. दोघांची मिळून साधारण ३५०० दुकानं. दोन बुडत्यांना एकत्र बांधलं की पोहतात ही कल्पना कुठून आली देव जाणे. पैसा आला तो दुकानांच्या रंगरंगोटीत, दिव्यांत, शेल्फांत जायला हवा होता तर अब्जावधी डॉलर स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात गेले. मग २००८ ला कंपनीचे तीसएक तुकडे केले, प्रत्येकाचा वेगळा साहेब, वेगळा नफातोटा, आपसात स्पर्धा करा म्हणजे सगळे चपळ होतील असा सिद्धांत. प्रत्यक्षात फ्रीज-वॉशिंग मशीन विकणाऱ्या विभागाला घरच्याच केनमोर ब्रँडसाठी ब्रँडवाल्या विभागाला पैसे मोजावे लागायचे, त्यापेक्षा बाहेरच्या कंपन्यांचा माल पुढे मांडणं फायद्याचं. घरातल्या घरात भाऊबंदकी, आणि ती पगार देऊन लावलेली.

पुढे विकाविकी. कपड्यांची लँड्स एंड वेगळी काढली २०१४ ला. २०१५ ला २३५ मोक्याच्या जागा सेरिटेज नावाच्या कंपनीला विकल्या ज्यात लॅम्पर्टचाच मोठा वाटा, आणि मग त्याच जागांचं भाडं सिअर्स भरणार. मार्च २०१७ ला क्राफ्ट्समन गेला स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या हत्यारांच्या कंपनीकडे, ५२.५ कोटी डॉलर लगेच, २५ कोटी तीन वर्षांनी, वर पंधरा वर्षं विक्रीतला काही हिस्सा. १५ ऑक्टोबर २०१८ ला दिवाळखोरीचा अर्ज. तेव्हा सातशेच्या आसपास दुकानं उरलेली.

लॅम्पर्टची बाजू अशी की त्याने स्वतःचेही भरपूर पैसे कंपनीला कर्ज म्हणून दिले. खरंय. पण कर्ज देणाराही तोच, जागेचा मालकही तोच आणि साहेबही तोच, तेव्हा त्याला दयाळू म्हणवत नाही मला.

---

उगाच_एक
+१ ताळेबंद. अंगावरचे दागिने विकून घर चालवलं आणि शेवटी घरच भाड्याचं निघालं.

---

पाना_बारातेरा
उशीर झाला, गॅरेजमध्ये होतो.

ताई, एक गैरसमज आधी काढतो. सिअर्सने एकही पाना कधी घडवला नाही. क्राफ्ट्समन हे नुसतं नाव, तेही १९२७ ला दुसऱ्या एका हत्यारवाल्या कंपनीकडून ५०० डॉलरला घेतलेलं, आणि नव्वद वर्षांनी त्याचे किती आले ते वर लिहिलंच आहे. माल बनवायचे बाहेरचे कारखाने. तुमच्या दांड्यावरचा व्ही शिक्का हा साधारणपणे मूर ड्रॉप फोर्जिंगच्या, म्हणजे पुढे जी ईस्को झाली तिच्या मालाचा मानतात. स्क्रू ड्रायव्हर बघा, त्यावर डब्ल्यू एफ असेल तर तो वेस्टर्न फोर्ज, कोलोरॅडो स्प्रिंग्ज. नंतर बरीच वर्षं डॅनाहर नावाची कंपनी. ही अक्षरं वाचत बसायचा नाद लागला की सुटत नाही, बायको म्हणते दुसऱ्याच्या गॅरेज सेलमध्ये चष्मा लावून काय बघत असता.

तुम्हाला आवडलेल्या बटणाची गोष्ट मात्र जरा कडू आहे. ते पीटर रॉबर्ट्स नावाच्या पोराने शोधलं, सिअर्सच्याच दुकानात नोकरीला होता, वय अठरा-एकोणीस. पेटंट १९६५ चं. कंपनीने हक्क घेतले दहा हजार डॉलरच्या बोलीवर, त्याला सांगितलं की फार काही चालणारी वस्तू नाही, आणि मग तसे रॅचेट लाखोंनी विकले. त्याने १९६९ ला कोर्टात ओढलं आणि ते प्रकरण वीस वर्षं चाललं. तेव्हा सुवर्णकाळ वगैरे म्हणताना हेही लक्षात असू द्या.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात क्राफ्ट्समन म्हणजे पोलाद भारी. चांगलं होतं, पण मेकॅनिकांच्या महागड्या स्नॅप-ऑन ब्रँडसारखं नव्हतं, आणि तसा दावाही नव्हता. भारी होतं ते काउंटर. पावती नको, कधी घेतलं विचारणार नाही, कोणी घेतलं विचारणार नाही, मोडका पाना ठेवा आणि नवीन उचला. रॅचेट असेल तर कधी नवा कधी आतले भाग बदलून तयार ठेवलेला मिळायचा. आणि हे देशातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात, घरापासून गाडीच्या अंतरावर. शनिवारी ब्रेकचं काम अर्ध्यात असताना सॉकेट फुटलं तर तासाभरात परत कामाला. हमीपत्र कोणीही छापेल, इतकी काउंटर कोण उभी करणार? आणि पाना बदलायला आलेला माणूस पाना घेऊन परत जात नाही हो, तो बॅटरी बघतो, बायको फ्रीज बघते, पोराला बूट घेतात. त्यामुळे ताळेबंद जे दुकानं विकली म्हणतात ना, तिथेच क्राफ्ट्समनची किंमत पण उतरत गेली, विकला तो २०१७ ला पण आतून रिकामा होऊन बरीच वर्षं झाली होती. २०१० पासून एस हार्डवेअर या दुसऱ्या दुकानसाखळीतही ठेवला, मग हळूहळू बरीचशी हातहत्यारं चीन-तैवानहून यायला लागली. माल तिकडून आला म्हणून वाईट असं मी म्हणणार नाही, माझे तैवानचे पाने झकास आहेत. पण भाव तोच ठेवून शिक्का बदलला की गिऱ्हाईक काय ते समजतं.

स्टॅनलीने प्रयत्न केला. २०१८ पासून लोज या घरदुरुस्तीच्या दुकानसाखळीत माल आला. २०१९ ला जाहीर केलं की टेक्सासात फोर्ट वर्थला ९ कोटी डॉलरचा कारखाना, ५०० लोकांना काम, पाने पुन्हा अमेरिकेत. यंत्रमानवी ओळ लावून तिकडच्या खर्चात इकडे घडवायचं असा बेत होता. ती यंत्रं काही धड चाललीच नाहीत आणि २०२३ च्या मार्चला कारखाना बंद करत असल्याचं सांगून मोकळे. आम्ही काही जण सेट यायची वाट बघत बसलेलो, राहिलं ते.

तुमचा दुसरा प्रश्न: हो, हातहत्यारांची जन्मभराची हमी आता स्टॅनली पाळते, लोज मध्ये जाऊन विचारा. पण बदली मिळेल ती आजची, व्ही शिक्क्याची नाही. म्हणून माझं ऐकाल तर देऊ नका. मागच्या पट्टीला दोन छोटे स्क्रू असतील ते काढा, आतलं जुनं ग्रीस मेण झालेलं असतं ते रॉकेल किंवा ब्रेक क्लीनरने धुवा, दोन थेंब पातळ तेल. जाड ग्रीस भरू नका, दातात अडकणारा खटका चिकटतो आणि ऐन जोर लावताना घसरतो. आणि टेबलावर पांढरा टॉवेल अंथरूनच उघडा, आत एक बारीक स्प्रिंग असते, ती उडते म्हणजे उडतेच.

---

नवखी_सुतारीण
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला अख्खं वाचायला लावलं. तो आता म्हणतो "मी वॉलमार्टच म्हणणार होतो" :D

पाना_बारातेरा दादा, स्प्रिंग उडाली. टॉवेल अंथरला होता तरी. फ्रीजखाली सापडली, मुलाने झाडूच्या काडीने काढली. दोन स्क्रूच होते, आत काळं डांबर जमलेलं, धुतल्यावर आता असा कर्रकर्र आवाज येतो की मुलगा दिवसभर नुसता फिरवतोय. स्क्रू ड्रायव्हरवर डब्ल्यू एफ आहे! पाचांपैकी चारांवर.

संध्याकाळी पेटी देणाऱ्या आजोबांना फोन करून पीटर रॉबर्ट्सची गोष्ट सांगितली, त्यांना माहीत होती. म्हणाले तुला दिलाय तो मुळात मी घेतलेला रॅचेट नाहीच, तो दुसरा. पहिल्याच्या दांड्यावर चार फुटी पाइप चढवून ट्रकच्या चाकाचा नट सोडवत होतो, पाइपवर मी आणि माझा भाऊ दोघे उभे. डोकंच उडालं. तुकडे रुमालात बांधून काउंटरवर ठेवले, पोराने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुकड्यांकडे, आणि मागून हा काढून दिला. विचारलं काहीच नाही. "बरं झालं," म्हणाले, "विचारलं असतं तर मी सांगणार होतो हातातून पडला."