सांडपाण्याच्या गाळणीत झिओलाइट वापरावे का?

प्रश्न: न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी मी खडी व वाळूच्या थरांतून गाळून झाडांना देतो. पाणी नितळ दिसते, परंतु त्यात अमोनियाचे प्रमाण बरेच आढळते. वाळूखाली झिओलाइटचा, म्हणजे सूक्ष्म छिद्रे असलेल्या एका खनिजाचा, थर दिल्यास फरक पडेल का?

उत्तर १: अवश्य पडेल. वाळू प्रामुख्याने गाळ अडवते, तर क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटच्या जाळीदार रचनेतील सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित कण) पाण्यातील अमोनियमशी, म्हणजे अमोनियाच्या आयन रूपाशी, अदलाबदल करतात. मात्र ही क्षमता कालांतराने संपते आणि मग ते खनिज मिठाच्या पाण्यात भिजवून, नीट खळखळून धुऊन पुन्हा वापरावे लागते. ते मिठाचे पाणी झाडांना घालू नये.

उत्तर २: त्याआधी स्वयंपाकघरातील तेलकट पाण्यासाठी चरबी अडवणारी टाकी बसवा. माझ्या गाळणीत वरच्या वाळूवर राखाडी, बुळबुळीत साय धरली होती आणि पाणी खाली उतरतच नव्हते. शिवाय झिओलाइट फॉस्फेट फारसे धरत नाही, त्यासाठी लोह किंवा कॅल्शियमयुक्त खनिज लागते.

उत्तर ३: जंतूंच्या बाबतीत मात्र या थरावर विसंबू नका. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना हे पाणी मी तरी देणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चरबीची टाकी आधी बसवतो.