सेलिब्रिटी रनरबरोबर पळायला पैसे भरावेत का? (तातडीचं आहे)

पळपुटा: मंडळी, पटकन सांगा, उद्या रात्री बुकिंग बंद होतंय. रविवारी पहाटे साडेपाच, बालेवाडी. सोबत पळायचं, ४,५०० रुपये. टीशर्ट, मेडल, नाश्ता त्यातच. भरू का? बायको म्हणते वेड लागलंय.

टेकडीकर: कोणासोबत? किती किमी? किती जण? तुमचा पेस काय, म्हणजे एक किमी किती मिनिटांत? का आम्ही पत्रिका बघून सांगायचं?

पळपुटा: तो हो, अल्ट्रावाला, मॅरेथॉनहूनही लांब पळणारा. नाव टाकलं की इथे भांडणं होतात. १० किमी. भरू की नको, एवढंच सांगा ना.

अनवाणी: एक सांगतो, बूट घालून जाऊ नका. अबेबे बिकिला १९६० ला रोममध्ये अनवाणी पळाला आणि ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला.

टेकडीकर: आणि १९६४ ला टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला. अर्धीच गोष्ट सांगायची सवय काही जात नाही तुमची.

अनवाणी: तुमचे गुडघे, तुमची मर्जी.

पेठेतले काका: पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रोज पाच वेळा चढा-उतरा. फुकट. वर वारा.

मंदगती: मी भरले होते एकदा. दुसरं शहर, दुसरा सेलिब्रिटी. आम्ही ऐंशीएक जण. पहिल्या किमीला सेल्फी झाले, मग तो ५:२५ ने निघून गेला. माझा पेस ७:४५. त्याचे दहा किमी ५४ मिनिटांत, माझे ७७. मी पोचले तेव्हा त्याची गाडीही गेली होती. 'सोबत' या शब्दाचेच पैसे घेतात हे लोक. पण आदल्या संध्याकाळच्या गप्पा सोन्यासारख्या होत्या. लांब पळताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा, हे तेव्हा डोक्यात बसलं. तर आधी विचारा: पेस ग्रुप (सारख्या वेगाच्या लोकांचे गट) आहेत का, आणि तो पूर्ण दहा पळणार की झेंडा दाखवून परत?

टेकडीकर: केनियाचा किपचोगे २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० तासांत पळाला, तेव्हा सोबत आळीपाळीने ४१ पेसर, म्हणजे वेग राखून देणारे. सोबत पळणं हे काम आहे हो. इथे पळणाऱ्यानेच पैसे मोजायचे!

पेठेतले काका: नाश्त्याला मिसळ आहे का? नसेल तर मुळीच भरू नका.

मंदगती: @पळपुटा, पेस अजून सांगितला नाहीत.

पळपुटा: पेस असा नाही. बूट मागच्या आठवड्यात घेतले. तळजाईवर चालतो, उतारावर पळतो.

टेकडीकर: हे आधी सांगायचं राहिलं का!!

पळपुटा: फोन केला. साठ जण. पेस ग्रुप नाहीत. तो शेवटचे दोनच किमी येणार.

मंदगती: म्हणजे २,२५० रुपये किमी. रिक्षासुद्धा एवढं घेत नाही.

पळपुटा: हो, पैसे भरून झालेच. त्यांचा एक्सएल टीशर्ट आखूड होतो का, कोणाला माहीत आहे?