अमेरिकी यादवी युद्धापूर्वी राज्यांना संघातून फुटून निघण्याचा अधिकार होता काय?

प्रश्न : विद्यार्थी, सोलापूर

इतिहास हा वैकल्पिक विषय घेऊन आम्ही काही जण सात रस्ता परिसरातील एका अभ्यासिकेत लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत आहोत. अमेरिकी यादवी युद्धाच्या कारणांवरून आमच्यात दोन तट पडले आहेत. काहींच्या मते दक्षिणेकडील राज्ये आपल्या घटनादत्त हक्कांसाठी लढली. इतरांच्या मते हक्कांची भाषा हे गुलामगिरीवरचे पांघरूण होते. फुटून निघणे बेकायदा आहे, असे तेव्हाच्या घटनेत कोठे लिहिले होते काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : वकील, सोलापूर

तसे कोठेही लिहिलेले नव्हते. घटनेत बाहेर पडण्याची तरतूदही नव्हती आणि मनाईही नव्हती. संघाला न दिलेले अधिकार दहाव्या दुरुस्तीने राज्यांकडे किंवा जनतेकडे राखले होते, त्यामुळे राज्यांनी केलेला करार राज्यांना मोडताही येतो, हा युक्तिवाद अनेकांना पटत असे. केंद्राच्या अतिक्रमणाला राज्यांनी हरकत घ्यावी, ही भूमिका जेफरसन आणि मॅडिसन यांनी १७९८ मध्येच मांडली होती, आणि १८१४ च्या हार्टफर्ड परिषदेत उत्तरेकडील न्यू इंग्लंडच्या प्रतिनिधींनीही तिचाच आधार घेतला. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने जकातीचे कायदे आपल्यापुरते रद्दबातल ठरवले, तेव्हा स्वतः दक्षिणेतले असलेल्या अध्यक्ष जॅक्सन यांनी, शस्त्रबळाने संघ फोडणे हा राजद्रोह आहे, असे बजावले. डिसेंबर १८६० मध्ये मात्र अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) सांगितले की राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, पण फुटणाऱ्या राज्याला बळाने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही. देशाच्या अध्यक्षांचीच ही स्थिती असताना पहिल्या गटाला सरसकट खोटे ठरवणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर : निवृत्त इतिहास शिक्षिका, अक्कलकोट

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नेमकी मांडली आहे, परंतु राज्ये कशासाठी फुटली याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी फुटणाऱ्यांनी स्वतः काय लिहून ठेवले ते वाचावे. साउथ कॅरोलायनाने २४ डिसेंबर १८६० रोजी आपली कारणे जाहीर केली. त्यातील मुख्य तक्रार अशी, की उत्तरेकडील राज्ये पळून आलेल्या गुलामांना परत करीत नाहीत. न्यूयॉर्कची न्यायालये तर गुलामाला घेऊन राज्यातून नुसते जाण्याचा हक्कही नाकारतात. म्हणजे उत्तरेकडील राज्यांनी आपल्या हद्दीत आपले कायदे चालवले, हाच त्यांच्या लेखी गुन्हा होता! पळालेल्या गुलामांविषयीचा १८५० चा कठोर केंद्रीय कायदा राज्यांवर लादताना दक्षिणेला राज्यांचे हक्क आठवले नव्हते. मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचे उघडपणे लिहिले. पुढे दक्षिणेने स्वतःची घटना केली, तीत गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कायदा करण्यास केंद्रीय काँग्रेसला स्पष्ट मनाई केली. १८६० च्या जनगणनेत साउथ कॅरोलायनाच्या सुमारे ७ लाख लोकसंख्येपैकी ४ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. ‘राज्याचा हक्क’ म्हणताना या चार लाखांचे मत कोणी विचारले होते?

प्रश्नकर्ता

मॅडम, आपण दिलेला न्यूयॉर्कचा दाखला आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. मग कायद्याचा प्रश्न अखेर कोठे सुटला?

उत्तर : वकील, सोलापूर

१८६९ मध्ये, टेक्सास विरुद्ध व्हाइट या खटल्यात. संघ अविनाशी आहे आणि एकतर्फी फुटणे घटनेला मान्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण तोवर युद्ध संपून चार वर्षे झाली होती. आपल्याकडे ही संदिग्धता राहू नये याची काळजी डॉ. आंबेडकरांनी घेतली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले की भारतीय संघराज्य राज्यांच्या करारातून आलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा अधिकार नाही. आणि हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले, याचाही उल्लेख त्यांनी केला. हे भाषण उत्तरपत्रिकेत अवश्य वापरावे.

मॅडमच्या मुद्द्याला मात्र माझी एक पुरवणी आहे. व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने ४ एप्रिल १८६१ रोजी फुटण्याचा प्रस्ताव फेटाळला होता. साउथ कॅरोलायनातील केंद्राच्या ताब्यातील सम्टर किल्ल्यावर दक्षिणेने केलेल्या हल्ल्यानंतर अध्यक्ष लिंकन यांनी ७५,००० सैनिक मागितले, तेव्हाच १७ तारखेला या अधिवेशनाचे मत फिरले. तेथे केंद्राच्या बळजबरीचा मुद्दा खरोखरच निर्णायक ठरला.

उत्तर : निवृत्त इतिहास शिक्षिका, अक्कलकोट

वेळ ठरवण्यात निर्णायक ठरला, हे मान्य. पण व्हर्जिनियाचा १७ एप्रिलचा ठराव काढून पाहा. केंद्राने दक्षिणेकडील ‘गुलामधारी राज्यांवर’ जुलूम केला, अशी तक्रार त्यात त्याच शब्दांत केलेली आहे.