सनग्लो नर, ६६% हेट मादी: ११ पिल्लं, अल्बिनो एकही नाही

सोलापूरकर_बोआ: माझी बोआ सापांची जोडी. नर सनग्लो (अल्बिनो, शिवाय हायपो म्हणजे काळा रंग कमी असलेला). मादी दिसायला नॉर्मल, '६६% हेट अल्बिनो' म्हणून घेतलेली (हेट म्हणजे जनुकाची एकच, लपलेली प्रत; ती असण्याची शक्यता ६६%). वेतात ११ जिवंत पिल्लं, ४ स्लग (पिल्लू न झालेले गोळे). ६ हायपो, ५ नॉर्मल, अल्बिनो शून्य. मादी हेट नाहीच का? शिवाय एका पिल्लाच्या पाठीवरचे पट्टे जुळून सलग रेघ झालीय. नवीन मॉर्फ (वंशाने उतरणारा रंग-नक्षीचा प्रकार)?

जनुकगणित: स्लग हिशेबात धरू नका. नर स्वतः अल्बिनो, म्हणजे मादी हेट असती तर दर पिल्लामागे शक्यता निम्मी. ११ पैकी एकही नाही, हे २०४८ वेळांत एकदा होईल. तेव्हा मादीकडे नराचं अल्बिनो जनुक नाही. पण बोआत अल्बिनो एकच नाही! काहल आणि शार्प ही वेगवेगळी जनुकं, दोन्ही रिसेसिव्ह (दोन प्रती असल्या तरच दिसणारी). काहल नराला चक्क शार्प अल्बिनो मादी दिली तरी पिल्लं नॉर्मलच दिसतात. मादी कुठल्या स्ट्रेनची (काहल की शार्प) हेट म्हणून विकली?

सोलापूरकर_बोआ: कागदावर नुसतं 'अल्बिनो'.

फणीधर: मग त्या ६६ टक्क्यांना काडीची किंमत नाही. ज्ञात शार्प आणि ज्ञात काहल नराशी वेगवेगळ्या हंगामांत जोडी लावल्याशिवाय उलगडा नाही. मधे मादीचं वजन भरून येऊ द्या. पिल्लं मात्र सगळी १००% हेट, नराच्या स्ट्रेनची. पिल्लं देताना स्ट्रेनचं नाव लिहा, नाहीतर हाच घोळ पुढच्याच्या गळ्यात. हायपो एका प्रतीनेही दिसतो. पाच नॉर्मल निघाली म्हणजे नर सुपर (हायपोच्या दोन प्रतींचा) नाही. दोन हायपो-हेट भावंडं जोडलीत तर १६ त सरासरी ३ सनग्लो, पण काहलमध्ये डोळ्यांचे दोष दिसतात, म्हणून जोडीदार बाहेरचाच बघा.

जनुकगणित: रेघेबद्दल: मादी एप्रिल-मेत गाभण होती ना? गाभणपणी तापमान हललं की नक्षी बिघडू शकते, आणि ती पुढे उतरत नाही. स्लग मात्र बहुधा न फळलेली अंडी, त्यांचा दोष उन्हाला नको. गरम टोक ३१–३२, थंड टोक २६–२७ अंश हवं. सोलापूरच्या पत्र्याखाली हीटर बंद ठेवूनही थंड टोक ३० च्या खाली येत नाही, कूलरने भागत नाही. ते पिल्लू वाढवा, नात्याबाहेरच्या नॉर्मलशी जोडा. निम्म्या पिल्लांत रेघ आली तर बोलू. एकातही नाही आली तर त्यातलं एक पिल्लू परत त्याच्याशी जोडून बघा, रिसेसिव्ह असेल तर तिथे दिसेल. तोवर नाव ठेवू नका.

फणीधर: आणि ११ पिल्लांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची राहिली असेल तर विकण्याआधी ती उरका.